पाळकांची खोली

चर्चच्या मंडळीतले लहानथोर सगळे त्यांना कडककाका म्हणत, आणि त्यात निंदा कमी, कौतुक जास्त होतं. काकांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्र्या आणि कोपऱ्यात स्टार्चचं मोठं पातेलं. काकांकडून आलेला शर्ट हँगरशिवाय उभा राहतो, अशी त्यांची ख्याती. काका स्वतःही तसेच उभे राहत. चर्चमध्ये ते आले की पोरंटोरं आपोआप कॉलर नीट करत.

लाँड्रीच्या खालोखाल काकांना अभिमान होता तो पाहुणचाराचा. बाहेरगावाहून कोणी पाळक रविवारच्या उपासनेत संदेश द्यायला आले की उतरणार ते काकांच्याच घरी, हे ठरलेलं. "या वेळी आमच्याकडे येऊ द्या की," असं कोणी म्हणून पाहिलंच, तर काका हसून विषय बदलत आणि स्टेशनवर सगळ्यांच्या आधी जाऊन पाळकांची बॅग ताब्यात घेत. घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिला सगळे पाळकांची खोली म्हणत. तिथल्या पलंगावरची चादर काका स्वतः इस्त्री करत, कामगारांवर सोडत नसत. उशाशी पाण्याचा जग, खुर्चीवर टॉवेल, टॉवेलवर नवाकोरा साबण. देवाचा माणूस घरी आला म्हणजे देवच आला, असं काका म्हणत, आणि ते मनापासून म्हणत. त्यात ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर कोणीतरी त्यांना केव्हाच तोंडावर सांगितलं असतं आणि विषय मिटला असता.

खरं तर ती खोली लेकीची होती. एकुलती एक लेक लग्न होऊन त्याच शहरात दुसऱ्या टोकाला गेली, आणि रिकामी खोली काकांना बघवेना, म्हणून तिथे पाळक उतरू लागले.

मग गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी लेक बॅग घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली. मला आता तिथे राहायचं नाही, म्हणाली. नेमके त्या दिवशी घरात एक नावाजलेले पाळक उतरलेले. जेवणाची पानं घ्यायची वेळ. काका हातात पाण्याचा जग घेऊन दारातच म्हणाले, "आज घरात पाळक आहेत गं. खोलीत त्यांचं सामान लागलंय. तू आजच्या दिवस मावशीकडे जा. सोमवारी शांतपणे बसून बोलू." लेक वळली. सोमवारी कळलं की ती नवऱ्याकडेच परत गेली. काकांचा जीव भांड्यात पडला. "बघ, मी म्हणत नव्हतो? नवराबायकोत कुरबुरी चालायच्याच," असं त्यांनी काकूंना ऐकवलंसुद्धा.

पुढे उन्हाळ्यात लेकीने नवऱ्याचं घर कायमचं सोडलं, आणि या खेपेला ती कोणाच्या दाराशी गेली नाही. हॉस्पिटलमध्ये नोंदणीच्या खिडकीवर नोकरी धरली, एक खोली भाड्याने घेतली. आईशी फोनवर बोलायची. काकांनी फोन हातात घेतला की म्हणायची, "ड्युटी आहे, ठेवते." चर्चमध्ये येणंही तिने बंद केलं. कोणी विचारलं की काका सांगत, तिला रविवारी सुट्टी नसते. तिला रविवारीच सुट्टी असायची, हे काकांना ठाऊक होतं.

आता तिला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती. सोमवारी सकाळची गाडी. काकूंनी हे काकांना सांगितलं तेव्हा काका पलंगाच्या गाद्या उन्हात टाकत होते.

"आपण रविवारी जाऊन येऊ तिच्याकडे," काकू म्हणाल्या.

"या रविवारी? अगं, या रविवारी उमेदवार आहे. मी समितीचा अध्यक्ष. मीच नसलो तर कसं होईल?"

"मग शनिवारी."

"शनिवारी त्यांना स्टेशनवरून कोण आणणार?"

काकूंनी गादीचं दुसरं टोक धरलं. "मी तर जाणारच आहे. पण तुम्ही नाही आलात ना, तर ती पुन्हा या घराचं तोंड बघायची नाही. मी तिची आई आहे, मला कळतं. पुढे मला बोल लावू नका."

काकांनी गादीवर काठी आपटली आणि धूळ उडाली म्हणून तोंड फिरवलं.

उमेदवाराचं प्रकरण असं होतं. चर्चचे म्हातारे पाळक निवृत्त झाले होते आणि नव्या पाळकांसाठी निवड समिती नेमली होती. एकेका शनिवारी एकेक उमेदवार यायचा, काकांकडे मुक्काम करायचा, रविवारी संदेश द्यायचा, आणि उपासना संपल्यावर समिती बसायची. समितीने कामं वाटून घेतली होती. हेडसर, म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पहिल्या बाकावर बसून शिकवण शास्त्राला धरून आहे का ते बघत. औषधाच्या दुकानवाल्या केमिस्टबाई मधल्या बाकावर बसून कोण पेंगतंय, कोण घड्याळ बघतंय, यावर नजर ठेवत. आणि काका बसत शेवटच्या बाकावर. चर्चचं छप्पर उंच, लाउडस्पीकर लावला की शब्दांची खिचडी होई, त्यामुळे पाळकांचा आवाज मुळातच शेवटपर्यंत पोचला पाहिजे, हा काकांचा आग्रह. ते डोळे मिटून बसत आणि प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर कानावर येतंय की वाटेत गळतंय, तेवढं टिपत. वाक्यात काय होतं, ते हेडसरांचं खातं. समिती नव्हती तेव्हाही, पाहुणे पाळक यायचे तेव्हा, काका असेच शेवटी बसून आवाज तपासत. इतक्या वर्षांत त्यांनी कितीतरी संदेश अगदी स्पष्ट ऐकले होते, आणि एकाही संदेशात काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

शनिवारी उमेदवार आला तो घसा बसलेला. गळ्याभोवती मफलर, हातात छोटी बॅग आणि शर्टाची कॉलर अशी, की काकांचे हात शिवशिवले. "प्रवासात थंडी बाधली," तो म्हणाला, आणि तेही काकांना दोनदा विचारावं लागलं. काकांनी तिथेच मनात काट मारली. पण पाहुणचारात कसर नाही. सूप झालं, दोन भाज्या झाल्या, गोड झालं. उमेदवार थोडंच जेवला. काकांनी त्याला खोली दाखवली, जग दाखवला, साबण दाखवला, आणि सकाळी लवकर उठायचं म्हणून ते झोपायला गेले. काकू घशासाठी मिठाचं पाणी गरम करत स्वयंपाकघरात थांबल्या. उमेदवार तिथेच स्टुलावर बसला होता.

सकाळी काका उठून बाहेर येतात तो उमेदवार बैठकीतल्या सोफ्यावर, आपलीच शाल पांघरून, पाय पोटाशी घेऊन झोपलेला. काका तडक मागच्या खोलीत गेले. चादरीवर एक चुणी नव्हती. टॉवेल जसाच्या तसा. साबण कोरडा. काकांचा चेहरा उतरला. लाँड्रीच्या माणसाला चादर चुरगळलेली चालते, डाग पडलेली चालते. न वापरलेली चादर म्हणजे तोंडावर नाही म्हणणं.

नाश्त्याला काकांनी राग गिळून विचारलं, "पलंग टोचला का?"

"नाही हो, पलंग छान होता." उमेदवाराचा आवाज कालपेक्षाही खोल गेला होता. "काकूंना विचारलं खोली कोणाची. त्यांनी सगळं सांगितलं. मग मला तिथे पडवेना."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पावाला लोणी लावत राहिल्या.

"घरातल्या गोष्टी आहेत त्या," काका म्हणाले.

"हो. मी परका माणूस. पण उद्या ती जाते म्हणे. तुम्ही आज जाऊन या, काका. माझं काय, मला निवडा नाहीतर नका निवडू."

"संदेश चर्चमध्ये द्यायचा असतो, पाळकसाहेब. तिथे द्या." काकांनी कप बशीत ठेवला. "आणि घशाला जपा. मी शेवटच्या बाकावर बसतो."

हे धमकीसारखं वाटलं असेल तर वाटू दे, असं त्यांना वाटलं. उमेदवाराने मान डोलावली आणि उरलेला पाव खाल्ला.

उपासना सुरू झाली. गाणी झाली, प्रार्थना झाली, शास्त्रपाठ झाला. उमेदवार बोलायला उभा राहिला आणि काकांनी सवयीने डोळे मिटले. काहीच आलं नाही. शब्दांची शेवटची अक्षरं सोडा, शब्दच येत नव्हते. लांबून कोणी जमिनीवरून पोतं ओढावं तशी नुसती खरखर. काकांनी डोळे उघडले. नापास करायला काही अडचण नव्हती, उठून घरी गेले असते तरी चाललं असतं. पण काका कामाचे पक्के. आवाज कुठपर्यंत पोचतो हे सांगायचं तर तो कुठे थांबतो हे नक्की कळायला हवं. मग ते उठले आणि दोन बाक पुढे जाऊन बसले.

तिथेही नाही. ते आणखी पुढे सरकले. लोक माना वळवून बघू लागले. समितीचा अध्यक्ष संदेश चालू असताना जागा बदलतोय, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. केमिस्टबाईंना वाटलं, आता हे जाऊन त्या बिचाऱ्याला खाली बसवणार. त्यांनी काकांच्या कोटाची बाही धरून पाहिली. काका बाही सोडवून पुढे गेले. शेवटी ते पहिल्या बाकावर हेडसरांच्या शेजारी टेकले तेव्हा कुठे शब्द लागले. हेडसर कुजबुजले, "काय झालं?" काकांनी त्यांना हातानेच गप्प केलं, कारण वर तो माणूस इतक्या हळू बोलत होता की कुजबुजीतही त्याचं वाक्य बुडून जायचं.

येशूने शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव पाठवलं, त्याविषयी तो बोलत होता. झोळी नाही, जास्तीचा अंगरखा नाही. "म्हणजे ज्यांच्या दारात ते उभे राहिले असतील, त्यांना ते देवाने पाठवलेले वाटलेच नसतील," तो म्हणाला. "धुळीने भरलेली दोन माणसं. तीही अवेळी. घरात आधीच कामं, आधीच पाहुणे. आपण म्हणतो, देवाचा माणूस आला तर मी त्याला डोक्यावर घेईन. पण देव आधी कळवून पाठवत नाही. घर भरलेलं असताना पाठवतो. आणि बहुतेक वेळा ज्याला पाठवतो तो काही मागायला आलेला असतो, द्यायला नाही. त्याचं मागणं हाच निरोप असतो." मग त्याला खोकला आला, तो पाणी प्यायला, आणखी थोडं बोलला आणि बसला.

तो काकांकडे एकदाही बघत नव्हता. बघितलं असतं तर काकांना रागावता आलं असतं. ते नुसते बसून राहिले. त्या शनिवारी घराच्या मागच्या दाराशी उभी राहिलेली लेक त्यांना दिसत होती. तिने कोट घातलेला नव्हता, थंडी असून. हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि त्यावर एक शब्द विचारला नव्हता, कारण हातातला जग आत न्यायचा होता. लोक शेवटच्या गाण्याला उभे राहिले, काका बसूनच राहिले, आणि हेडसरांनी कोपराने ढोसल्यावर उठले.

मागच्या छोट्या खोलीत समिती बसली. केमिस्टबाईंनी सुरुवात केली. "माणूस भला आहे. पण मधल्या बाकापर्यंतसुद्धा काही आलं नाही. निम्मे लोक पेंगले, बाकीचे तुमच्याकडे बघत होते."

"शिकवण ठीक होती," हेडसर म्हणाले. "थोडक्यात आटोपलं. पण आवाजाचं काय, ते तुम्हीच सांगा, अध्यक्ष. पोचला का?"

"मला पोचला," काका म्हणाले.

"तुम्ही उठून पुढे आलात म्हणून."

"हो, म्हणूनच." काकांनी कोटाचं बटण लावलं. "तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. मला घाई आहे."

अध्यक्ष मध्येच उठून गेल्याची चर्चा पुढे बरेच दिवस झाली. त्यांच्यामागे समितीने त्या उमेदवाराला आभाराचं पत्र पाठवायचं ठरवलं. पुढच्या महिन्यात दुसरे पाळक नेमले, त्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येतो आणि माणूसही चांगला आहे. काकांनी त्या निवडीला हात वर केला. चर्चला आवाज लागतोच, त्यात काही चूक नाही.

काका घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात होत्या आणि उमेदवार हात धूत होता.

"चल," काका म्हणाले.

"आणि यांचं जेवण?"

"घेतो ना मी वाढून," उमेदवार म्हणाला. "गरम करायचं काय काय आहे तेवढं सांगा."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाळकाला ताटाशी एकटं सोडलं. जाताना दारातून परत मागे वळून, मीठ कुठे आहे ते मात्र सांगितलं. सवय एका दिवसात सुटत नाही.

लेकीची खोली एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. काका तिथे कधीच आले नव्हते. काकू पुढे, काका मागे. दार लेकीनेच उघडलं. आत खोकी बांधून ठेवलेली, भिंतीवर खिळे उरलेले. तिने आईला पाहिलं, मग आईच्या मागे पाहिलं.

"बाबा तुम्ही? आज घरी पाळक नाहीत वाटतं."

"आहेत. जेवतायत."

"एकटेच?"

"हो."

ती दारातून बाजूला झाली. खुर्ची एकच होती, ती काकूंना दिली. काका एका खोक्यावर बसले. वाटेत त्यांनी सगळं बोलणं मनात घडी घालून ठेवलं होतं. "बाळ," त्यांनी सुरुवात केली, "त्या दिवशी मी जे..."

"आधी मी बोलू?" लेक म्हणाली. "तुम्ही सुरू झालात की मला मग बोलता येत नाही."

काका खोक्यावर मागे सरकून बसले.

"तुम्ही म्हणालात मावशीकडे जा. मी गेले. मावशी गावाला गेली होती, दाराला कुलूप. मी जिन्यात बसून राहिले. आईला फोन लावावा असं मनात आलं होतं. पण तुम्ही सगळे जेवायला बसला असाल, आणि पाळकांसमोर फोन वाजलेला तुम्हाला चालत नाही. म्हणून नाही लावला." ती भिंतीला टेकून उभी होती आणि रोज खिडकीवर माणसांना नंबर सांगावेत तशा सुरात बोलत होती. "मग कुठे जाणार? परत गेले. त्याने दार उघडलं आणि विचारलं, काय, बापानेपण ठेवून घेतलं नाही? हसला. मी बॅग आत घ्यायला वाकले तर त्याने दार लोटलं. हात मधे होता. मोडला. हॉस्पिटलमध्ये पाय घसरला म्हणून सांगितलं. प्लास्टर निघेपर्यंत आईलासुद्धा भेटले नाही. झालं. एवढंच सांगायचं होतं मला, वर्षभर."

काकूंनी तोंडावर हात धरला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

काकांच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. मला हे कोणी सांगितलंच नाही, असं. ते त्यांनी तोंडातच धरलं, कारण सांगायला ती स्वतः आली होती, मागच्या दाराशी, कोट न घालता. घडी घालून आणलेलं बाकीचं बोलणंही आता उलगडण्यासारखं राहिलं नव्हतं. चूक झाली म्हणावं तर ते मोडलेल्या हाडापुढे फार लहान होतं. त्यांना रडू येत होतं आणि आपण रडलो तर ती आपल्यालाच समजावत बसेल, तिचं बोलणं तिथेच थांबेल, हेही कळत होतं. म्हणून ते रडले नाहीत.

"कुठला हात?" त्यांनी विचारलं.

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग भिंतीपासून सुटून समोरच्या खोक्यावर येऊन बसली आणि बाही वर केली. "उजवा."

मनगटाच्या वर हाड किंचित वाकडं जुळलं होतं. काकांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं, हळूच.

"अजून दुखतं?"

"थंडीत. आणि लिहिताना."

"दिवसभर लिहायचंच तर काम तुझं."

"हो ना," ती म्हणाली.

काकांनी हात सोडला नाही. "पुढे सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

लेकीने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून सुरुवात केली.